यात्रेसाठी सोललेली हायब्रीड

मी जुनी आहे, हे आधीच सांगून टाकते. आठ वर्षांची सायकल म्हणजे जुनीच. रंग हिरवा होता. कॅरिअरवर बांधलेल्या पेटीचा पट्टा घासतो तिथे आता आतलं ॲल्युमिनियम दिसतं. निपाणीहून बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक गाव आहे. तिथे भरमा कांबळे यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुकानामागच्या पत्र्याखाली मी असते. मित्रांनो, माझ्या प्रकाराला हायब्रीड म्हणतात.

दुसरी गोष्ट, मी जळकी आहे. आपली कहाणी सांगणारे सहसा आपले गुण सांगतात. मलाही गुण आहेत, पण माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या गुणांकडे बघण्यात गेलं. तेव्हा तेच सांगितलेलं बरं.

माझा जन्म पंजाबातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाच छपराखाली तिथे तीन प्रकारच्या सायकली तयार होत. एका बाजूला रेसिंगच्या. त्यांचे टायर एक बोट रुंद, हँडल बोकडाच्या शिंगासारखं खाली वळलेलं, आणि अंगावर एक ग्रॅम जादा नाही. दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या. त्यांचे टायर तीन बोटं रुंद, वर खडबडीत नक्षी, पुढे धक्के गिळणारे स्प्रिंग. मधल्या रांगेत आम्ही. आम्हाला चाकं दिली रेसिंगच्या मापाची, पण टायर दोन बोटांचे. हँडल दिलं डोंगरवालीसारखं सरळ, पण स्प्रिंग दिले नाहीत. सांगाडा हलका, पण अगदी हलका नाही. बसणारं माणूस ताठ बसेल आणि मान वर ठेवून रस्ता बघेल अशी बैठक. शिवाय मडगार्ड आणि कॅरिअर बसवता यावं म्हणून सांगाड्याला मागेपुढे बारीक भोकं पाडली. शेजारून जाणाऱ्या रेसिंगच्या अंगावर असलं एकही भोक नव्हतं. मला ती भोकं देवीच्या व्रणांसारखी वाटायची.

तिथून मी बेळगावच्या एका दुकानात आले. रेसिंगला काचेत, दिव्याखाली ठेवलं होतं. डोंगरवाली छताला टांगली होती. मला दारापाशी, हवा भरायच्या पंपाशेजारी जागा मिळाली. गिऱ्हाईक आधी त्या दोघींकडे जाई आणि जाताजाता माझ्यापाशी थांबून विचारी, "ही कसली हो?"

दुकानदार सांगे, "ही हायब्रीड. रेसिंगगत वाकाया लागत न्हाय, आन् डोंगराच्या सायकलीगत जड न्हाय."

लक्षात आलं का तुमच्या? रेसिंग म्हणजे वेग. डोंगरवाली म्हणजे ताकद. आणि मी म्हणजे दोन वेळा 'न्हाय'. ही अशी आहे, असं माझ्याबद्दल कुणी कधी बोललंच नाही. मी तशी नाही आणि तशीही नाही, एवढंच सगळे बोलत. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

मला घ्यायला सोनम आली. भरमांची ही धाकटी मुलगी. रक्त तपासण्याचा कोर्स करून ती निपाणीच्या एका लॅबमध्ये लागली होती. म्हाताऱ्या आणि अंथरुणावरच्या माणसांच्या घरी जाऊन रक्त काढायचं आणि थंड पेटीतून लॅबमध्ये पोचवायचं, हे तिचं काम. ती पेटी काखेला अडकवूनच ती दुकानात आली होती. सोबत भरमा होते.

"स्कूटर का घेत नाही?" दुकानदारानं विचारलं.

"आमच्याकडं कॅनॉलवर साकव हाय, हातभर रुंद," सोनम म्हणाली. "स्कूटर त्यावरनं जात न्हाय. वळसा घालून जायाचं तर पाच किलोमीटर."

ती आधी रेसिंगवर बसली. खाली वाकल्याबरोबर पेटी पाठीवरून घसरून तिच्या मानेवर आली. मग डोंगरवालीवर बसून रस्त्यावर एक फेरी मारली आणि धापा टाकत परत आली. शेवटी माझ्यावर बसली, फेरी मारली, उतरली, मला एका हातानं उचलून पाहिलं आणि पेटी मागे कॅरिअरच्या जागी धरून पाहिली.

"आप्पा, हीच," ती म्हणाली.

आज मला कळतं की आयुष्यात मला कुणीतरी 'हीच' म्हणालं होतं. त्या दिवशी मात्र माझं सगळं लक्ष काचेतल्या रेसिंगकडे होतं. ती मागे राहिली, आणखी मोठ्या माणसाकडे जाणार, असंच मला वाटत होतं.

मग कामाची वर्षं सुरू झाली. सकाळी सहाला सोनम पेटी कॅरिअरला आवळून बांधायची. आधी डांबरी रस्ता. मग उसातून जाणारी पाणंद, मग कॅनॉलचा बांध, मग साकव. साकवावर ती उतरायची आणि मला हातानं पुढे ढकलायची. पलीकडे वाड्या, मळे. तिथली माणसं उपाशीपोटी अंगणात वाट बघत बसलेली असत. त्यांचं रक्त घेऊन आठच्या आत निपाणी गाठायची. पावसाळ्यात काळी माती चाकांना धरायची, तेव्हा मडगार्ड नसती तर सोनमच्या पांढऱ्या कोटाचं काय झालं असतं ते मी सांगायला नको. डांबरावर मी बऱ्यापैकी पळायचे, मातीत बऱ्यापैकी टिकायचे. पण 'बऱ्यापैकी' या शब्दाला कुणी टाळ्या वाजवत नाही. लोक सोनमला म्हणायचे, आली रक्तवाली बाई. बाई ज्यावरून आली त्याचं नाव कुणी घेत नसे.

एक मालुबाई तेवढी निराळी. कॅनॉलपलीकडच्या मळ्यात ती दोन म्हशी घेऊन एकटी राहायची. तिला साखरेचा आजार होता, आणि सोनम तिच्याकडे जायला लागली तेव्हाच तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. माणूस समोर उभं राहिलं तरी तिला नुसती सावली दिसे. माझ्या मागच्या मडगार्डचा एक नट ढिला होता, त्यामुळे मी खडखडत जायचे. मालुबाई तो आवाज साकवापासून ओळखायची आणि सोनम दिसण्याआधीच म्हणायची, "आली गं, आली माझी खडखडी." मला ते नाव आवडत नसे. रेसिंगला कुणी खडखडी म्हणेल का?

तीन वर्षांपूर्वी एक रेसिंग आमच्याच घरी आली. सोनमचा थोरला भाऊ यशपाल बेळगावात इंजिनिअर आहे. पगार वाढल्यावर त्यानं लाल रेसिंग घेतली. रविवारी तो ती घेऊन गावी यायचा आणि कधीकधी आठवडाभर इथेच ठेवून जायचा. भरमांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला पाना खाली ठेवला आणि हात पुसले. माझ्यासाठी त्यांनी कधी हात पुसले नव्हते. तिला घरात जागा मिळाली, टीव्हीशेजारी. आई गंगव्वानं तिच्यावर घालायला जुन्या इरकल लुगड्याचा तुकडा काढला. माझ्या सीटवर खताची पिशवी असायची. गावातली माणसं चहाला यायची आणि तिला एका बोटानं उचलून बघायची. लोंढ्याच्या जंगलात फिरायला जाणाऱ्या एका कंत्राटदाराची डोंगरवाली सायकल दुरुस्तीला आली, तर तिलाही ओट्यावर जागा. मी पत्र्याखाली, शेळीशेजारी.

खोटं कशाला बोलू, बाभळीचा काटा रुतून रेसिंग पंक्चर झाली की माझा दिवस चांगला जायचा. महिन्यातून दोनदा तरी तो चांगला दिवस यायचा. भरमा तिचा बारीक टायर लेकराचं बोट धरावं तसा हातात धरून काटा शोधत बसायचे, आणि मी मनात म्हणायचे, मिळू नये. पण मिळायचा, आणि पुन्हा तिचा तोरा सुरू.

आता यात्रेतल्या शर्यतीकडे येते.

आमच्या भागात यात्रा म्हटली की शर्यती आल्याच. घोडागाडीची असते, धावण्याची असते आणि सायकलचीही असते. भरमा तरुणपणी सायकल शर्यतीचे गडी होते. तेव्हा गिअर वगैरे काही नव्हतं, साधी काळी लोखंडी सायकल. शर्यतीच्या आधी तिचं मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी सगळं काढून टाकायचं. त्याला भरमा सायकल सोलणं म्हणतात. अशी सोललेली सायकल घेऊन ते शेजारच्या गावच्या यात्रेत तीन वेळा पहिले आले. पण तीनही वेळा त्यांचं नाव स्टेजवरून पुकारलं गेलं नाही. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं पुकारलं. भरमांची ढाल मागाहून कुणाच्या तरी हाती घरी आली. का, ते त्या काळी कुणी विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती; आडनाव पुरेसं होतं. त्या तीन ढाली भरमांनी कधी भिंतीला लावल्या नाहीत.

यंदा त्या यात्रेत पहिल्यांदाच बायकांची सायकल शर्यत ठेवली होती. कमिटीत आता नवी पोरं आहेत. भरमा एका संध्याकाळी घरी आले आणि जेवता जेवता म्हणाले, "सोनमचं नाव देऊन आलोय."

"मला न इचारता?" सोनमनं विचारलं.

"इचारलं असतं तर तू न्हाय म्हटली असतीस."

सोनमनं भाकरीचा तुकडा मोडला. ढालींची गोष्ट तिला लहानपणापासून माहीत होती. मग म्हणाली, "बरं. एकदाच."

आधी यशपालच्या रेसिंगचा विचार झाला. पण यशपाल ताडमाड, त्याची सायकल उंच. सोनमचे पाय पायडलपर्यंत पुरेनात. हे मी पत्र्याखालून ऐकलं आणि माझ्या चाकांतली हवा जणू वाढली. शुक्रवारी संध्याकाळी भरमांनी मला ओट्यावर घेतलं आणि, मित्रांनो, माझ्यासाठी हात पुसले.

त्यांनी मला सोललं. कॅरिअर काढलं, स्टँड काढला, दोन्ही मडगार्ड काढली, तो ढिला नटसुद्धा गेला. टायर काढून एक बोटाचे बारीक टायर चढवले. माझी चाकं रेसिंगच्या मापाची असल्यानं ते बसले. शेवटी त्यांनी एका भंगारात गेलेल्या रेसिंगचं वळलेलं हँडल आणलं, त्याच्या ब्रेकच्या मुठींसकट, आणि माझं सरळ हँडल उतरवून ते बसवलं. गिअरचे खटके त्या हँडलला बसेनात, तेव्हा ते सांगाड्याला तारेनं बांधले. मग मला उचलून पाहिलं.

"दोन किलोनं उतरली बघ," ते सोनमला म्हणाले.

त्या रात्री मला घरात ठेवलं. टीव्हीशेजारची लाल बया थोडी बाजूला सरकवली आणि मला तिच्याबरोबर उभं केलं. आमची हँडलं सारखी होती. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच कळली होती. भरमांनी ब्रेक दाबून पाहिला, तेव्हा माझे ब्रेक चाकाला नीट चावले नाहीत. भरमांचं आयुष्य लोखंडी सायकलींत गेलं. तिथे कुठलीही मूठ कुठल्याही ब्रेकला चालते. माझं तसं नाही. रेसिंगच्या मुठीनं तार कमी ओढली जाते आणि माझ्या ब्रेकला जास्त ओढ लागते. भरमांना वाटलं, नवी जोडणी आहे, वापरात बसेल. मला बोलता येत नाही, ही सबब झाली. खरं म्हणजे बोलता आलं असतं तरी मी गप्प बसले असते.

शनिवारी सकाळी सोनम पेटी घेऊन बाहेर आली. "आता ही कुठं बांधू?"

"पाठीला बांध," भरमा म्हणाले. "आजचा दिस अशीच चालीव. सवय हुईल."

त्या दिवशी एकाच घरी जायचं होतं, मालुबाईकडे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरत होतं. निपाणीत सोमवारी मोफत शिबिर होतं, आणि रक्ताचे रिपोर्ट रविवारी सकाळी अकराच्या आत पोचले तरच यादीत नाव लागणार होतं. त्यातली साखरेची तपासणी उपाशीपोटीच करावी लागते. पुढचं शिबिर थेट दिवाळीनंतर.

डांबरावर मी अक्षरशः उडाले. दोन्हीकडचा ऊस मागे पळत होता आणि मला वाटलं, हीच मी, बाकीची आठ वर्षं चूक होती. पाणंद लागली तसे बारीक टायर फुफाट्यात रुतायला लागले. सोनम खाली वाकलेली, पेटी सरकून मानेवर येतेय, ती एका हातानं पेटी मागे ढकलतेय. तरी आम्ही पोचलो.

"कोन हाय?" मालुबाईनं दारातून विचारलं.

"मी सोनम, आज्जी."

"तू व्हय? मग आज कुणाची सायकल आणलीस? आवाज आला न्हाय."

मला याचा अभिमान वाटला. ऐका मित्रांनो, आठ वर्षांत ज्या एका माणसानं मला ओळखलं, त्यानं मला ओळखलं नाही, आणि मला अभिमान वाटला.

मालुबाईची शीर बोटाखालून निसटते. लॅबमधल्या दुसऱ्या मुलीनं एकदा पाच ठिकाणी टोचूनही ती सापडली नव्हती. सोनमनं दंडाला पट्टा बांधला, दोन बोटांनी शीर धरली आणि एका टोचण्यात दोन नळ्या भरल्या.

"झालं बगा," ती म्हणाली. "आता खावा काय तरी."

"सोमवारी डोळा हुईल आन् मग तुझं त्वांड बघीन पोरी," मालुबाई म्हणाली. "इतकी वरसं निस्ता आवाज ऐकतीया."

परतताना कॅनॉलच्या बांधावरून साकवाकडे एक छोटा उतार आहे. रोज तिथे सोनम दोन बोटांनी ब्रेक दाबायची आणि मी शहाण्यासारखी थांबायचे. त्या दिवशी तिनं दोन्ही मुठी आवळल्या तरी मी थांबले नाही. बारीक टायर वाळूत सरकला, पेटी तिच्या डोक्यावरून पुढे गेली, आणि आम्ही दोघी आडव्या झालो. पेटी कॅनॉलच्या दगडांवर आपटून उघडली.

सोनमचं कोपर सोललं होतं. तिनं कोपराकडे पाहिलं नाही, आधी पेटीकडे गेली. दोन्ही नळ्या फुटल्या होत्या. ती तिथेच दगडावर बसली, मग उठली, मला उचललं आणि चालत मागे फिरली.

मालुबाई चुलीपाशी बसली होती. हातात भाकरी होती.

"आज्जी, माझ्या हातनं चूक झाली," सोनम म्हणाली. "पडले मी. नळ्या फुटल्या."

"लागलं का गं?"

"न्हाय, जास्त न्हाय."

"मग घे की दुसरं रगत. हात कुटं पळून गेलाय?"

"तुम्ही खाल्लंय आता. उपाशीपोटी पायजे. उद्याच घ्याया लागंल."

मालुबाईनं हातातली भाकरी ताटात ठेवली. आता ठेवून काही उपयोग नव्हता, तरी ठेवली. "उद्या तर यात्रा हाय. तू शर्यतीत हाईस म्हणं, दूधवाला सांगत व्हता."

सोनमनं रिकामी पेटी बंद केली. शर्यत सातला सुटणार होती, आणि आठच्या आत रक्त लॅबमध्ये पोचलं तरच अकराला रिपोर्ट मिळणार होता. शिवाय कालव्यापल्याडून पेटी न हिंदकळता आणायची तर मला माझं कॅरिअर लागणार होतं, आणि शर्यतीला ते चालणार नव्हतं. मी एकच होते.

"ऱ्हाऊ दे पोरी," मालुबाई म्हणाली. "दिवाळीनंतर हाय की शिबिर. मला काय, म्हशी आवाजानं कळत्यात. तू जा शर्यतीला."

"रात्री जेवल्यावर काय खाऊ नगासा," सोनम म्हणाली. "सातच्या आत येते मी."

घरी भरमा ओट्यावर वाट बघत होते. त्यांनी आधी तिचं कोपर पाहिलं, मग माझं वाकलेलं हँडल. "बरेक नीट करतो," ते म्हणाले. "संध्याकाळपातूर हुईल."

"आप्पा, कॅरिअर कुठं ठेवलंय?"

भरमांना लगेच कळलं. "नाव दिलंय मी," ते म्हणाले.

"म्हाईत हाय."

"चाळीस वरसं झाली, सोनम."

"मालुआज्जी म्हणाल्या, दिवाळीनंतर करू. म्हशी आवाजानं कळत्यात म्हणाल्या." एवढं बोलून सोनम कोपर धुवायला आत गेली.

भरमांनी मला ओट्यावर घेतलं. मग पोत्यातून कॅरिअर काढलं, मडगार्ड काढली, जुने टायर काढले. वळलेलं हँडल उतरवताना त्यांनी ब्रेकची मूठ पुन्हा एकदा दाबून पाहिली, तार किती सरकते ते नीट बघितलं. "हे मला कळाया पायजे व्हतं," ते स्वतःशीच म्हणाले. अंधार पडायच्या आत त्यांनी मला जशीच्या तशी केली.

मला शरम वाटली असेल असं तुम्हाला वाटतंय. वाटली, थोडी. पण मला पुन्हा पत्र्याखाली नेलं तेव्हा घरातल्या दिव्याकडे बघून मला आधी त्या लाल बयेचाच राग आला. तिला काही सोडावं लागलं नव्हतं. माझा स्वभाव असा आहे, काय करू?

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पाणंदीत मी रुतले नाही, उतारावर दोन बोटांच्या इशाऱ्यानं थांबले. साकव ओलांडला तोच मळ्यातून हाक आली, "आली गं, आली."

शेजारच्या गावची यात्रा कॅनॉलच्या पलीकडेच होती आणि तिथला लाऊडस्पीकर शिवारभर ऐकू येत होता. सोनमनं मालुबाईच्या दंडाला पट्टा बांधला, तेवढ्यात शर्यतीतल्या बायकांची नावं पुकारायला सुरुवात झाली. एकेक नाव येत होतं आणि पुढे जात होतं. मग आलं, "सोनम भरमा कांबळे, स्टेजपाशी यावं." थोडं थांबून पुकारणाऱ्यानं तेच कन्नडमध्ये सांगितलं, नाव तेवढं तसंच. मग तिसऱ्यांदा पुन्हा मराठीत. सोनम भरमा कांबळे.

"तुजंच नाव गं?" मालुबाईनं विचारलं.

"व्हय," सोनम म्हणाली. "मूठ आवळा, आज्जी."

दोन्ही नळ्या भरल्या, पेटीत गेल्या, पेटी माझ्या पाठीवर आवळली गेली. आठला दहा मिनिटं कमी असताना आम्ही निपाणीत लॅबच्या दारात होतो. अकराच्या आत मालुबाईचं नाव यादीत लागलं.

भरमा दुपारी घरी आले. शर्यतीतून सोनमचं नाव काढून घ्यायला ते सकाळीच यात्रेला गेले होते. गंगव्वानं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "नाव काढाया गेलतासा न्हवं? मग ते पुकारलं कसं? हितपातूर ऐकू आलं."

"गेलतो," भरमा म्हणाले. त्यांनी सगळं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "स्टेजपाशी पोचलो आन् पुकाराय लागले. मग कशाला काढू म्हटलं. तीन येळा ऐकलं, आन् आलो."

संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून त्या तीन ढाली काढल्या आणि माझ्यासाठी वापरतात त्याच तेलाच्या फडक्यानं पुसल्या.

महिन्याभरानं मालुबाई आमच्याकडे आली. डोळ्यावर काळा चष्मा होता, पण कुणाचा हात न धरता आली. रविवार होता आणि यशपाल अंगणात त्याची रेसिंग धूत होता. मालुबाईनं आधी सोनमचं तोंड दोन्ही हातांत धरून पोटभर पाहिलं. मग तिची नजर त्या लाल सायकलीवर गेली.

"हीच व्हय तुजी सायकल? लई देखणी हाय गं."

"ती न्हाय आज्जी, ती अण्णाची. माझी ती, पत्र्याखालची."

मालुबाईनं चष्मा जरा वर केला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ती हिरवी?" ती म्हणाली. "बरी हाय." आणि पुन्हा लाल सायकलीकडे वळली.

माझी जी काय अवस्था झाली ती मी सांगत नाही. जिच्या डोळ्यांसाठी एवढं केलं, त्या डोळ्यांना आमच्या अंगणात पहिल्यांदा देखणं दिसलं काय, तर रेसिंग. त्यामुळे मित्रांनो, दुसऱ्याचा हेवा करू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला ते आठ वर्षांत जमलेलं नाही, तुम्हाला एका दिवसात कसं जमेल? मला तेल घाला, पावसात उभं करू नका, हेही तुम्हाला ठाऊक असेल. माझं मागणं एवढंच आहे. घरातल्या एखाद्या सायकलीला, किंवा माणसालाही, दुसऱ्यासारखं करायला जाल, त्याचं काहीबाही काढून ठेवाल, तेव्हा पाना लावण्याआधी एकदा बघा, त्याच्या पाठीवर कुणाचं रक्त बांधलेलं आहे.